पीव्ही = एनआरटी मधून हवी ती राशी काढायला चार सूत्रं पाठ करावी लागतात का?

तुम्ही विचारलंय की आदर्श वायूच्या या समीकरणातून दाब (पी), आकारमान (व्ही), मोल म्हणजे वायूचं प्रमाण (एन) आणि तापमान (टी) यांची चार वेगळी सूत्रं पाठ करायची का, आणि एन काढताना आरटी पलीकडे नेऊन वजा केलं तर उत्तर का चुकलं.

पाठ एकच करा. ही चूक मी वर्गात दरवर्षी बघते. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण ते बेरीज-वजाबाकीपुरतं. इथे सगळा गुणाकार आहे, आणि गुणाकारातलं पद पलीकडे गेलं की छेदात जातं. म्हणून हव्या त्या अक्षराच्या शेजारी कोण आहे तेवढं बघा. एनच्या शेजारी आर (वायूचा स्थिरांक, लिटर आणि अॅटमॉस्फिअर वापरले तर ०.०८२१) आणि टी; ते पीव्हीच्या खाली गेले, की एन = पीव्ही / आरटी. पी हवा असेल तर व्ही एनआरटीच्या खाली.

२०२१ मध्ये बाबांना घरी ऑक्सिजन लावला होता, तेव्हा हे गणित मी खरोखर केलं. सिलिंडर १० लिटरचा, काटा १५० अॅटमॉस्फिअरच्या आसपास, खोली २७ अंश म्हणजे ३०० केल्विन.

एन = (१५० × १०) / (०.०८२१ × ३००) = १५०० / २४.६३ = ६०.९ मोल

ऑक्सिजनच्या एका मोलचं वजन ३२ ग्रॅम, म्हणजे आत जेमतेम दोन किलो वायू. आता तेच समीकरण व्हीसाठी फिरवा: बाहेर दाब १, म्हणून व्ही = एनआरटी / पी = १५०० लिटर. मिनिटाला २ लिटर सोडला तर साडेबारा तास. इतक्या दाबाला वायू अगदी आदर्श वागत नाही, काही टक्के फरक पडतो, शिवाय सिलिंडर पार रिकामा होऊ द्यायचा नसतो. मी अकराव्या तासाला दुसरा जोडायचे.

तापमान मात्र केल्विनमध्येच हवं. ३००च्या जागी २७ घातले असते तर ६७७ मोल आले असते, म्हणजे अकरा पट! आणि बाबांचा सिलिंडर जवळपास सहा दिवस पुरेल असं मी धरून बसले असते.

तुमच्या गणितात दाब किलोपास्कलमध्ये दिला असेल तर ०.०८२१ नको. आकारमान लिटरमध्येच राहू द्या आणि आरसाठी ८.३१४ घ्या.