वाम समुद्रात कुठे राहते, काय खाते? ती चिखल खाते म्हणतात, ते खरं का?

चिखलात राहते, चिखल खात नाही. हे वाक्य मी लग्न होऊन पुण्यात आल्यापासून आमच्या थोरल्या भाऊजींना ऐकवतेय. त्यांचं पालुपद एकच, "वहिनी, गाळ खाऊन वाढलेला जीव तो, सापाची जात!"

माझं माहेर हर्णैचं. एकदा मार्गशीर्ष संपल्यावरच्या रविवारी गणेश पेठेतल्या बाजारातून मुद्दाम न कापलेली वाम आणली, हातभर लांब. राख चोळून बुळबुळीतपणा काढला. खवलं नसतातच. मग भाऊजींना ओट्यापाशी बोलावून आधी जबडा उघडून दाखवला. टाळूच्या मधोमध सुळ्यांसारख्या दातांची रांग असते. गाळ खाणाऱ्याला हे दात कशाला लागतील? पोट चिरलं, तर आत अर्धवट विरलेली दोन मांदेली आणि कोलंबीच्या मिशा. भाऊजी म्हणाले, "गाळ पचला असेल." यावर काय बोलणार?

तर ही समुद्रातली वाम, शास्त्रीय नाव काँग्रेसॉक्स टॅलाबोनॉइड्स. किनाऱ्यालगतचा मऊ, चिखलाचा तळ हे तिचं घर. साधारण 100 मीटर खोलीपर्यंत सापडते, खाडीच्या तोंडाशीही येते. खाणं म्हणजे तळाजवळचे मासे आणि कोलंबी-खेकड्यासारखे कवचवाले जीव. अडीच मीटरपर्यंत वाढू शकते. जाळ्यातून काढताना हात जपावा लागतो, चावली की सोडत नाही. आणि साप वगैरे काही नाही हो, तिला कल्ले असतात, मासाच आहे.

खायची की नाही विचाराल तर खुशाल खा. डोक्याकडच्या तुकड्या घ्या, शेपटीकडे काटे फार. त्रिफळं घालून आमटी करा. नावं ठेवणाऱ्यांना वाढायला जाऊ नका, मी बारा वर्षं वाढून पाहिलंय.

एक सांगायचं राहिलं. पुण्यात वाम म्हणून उजनीची गोड्या पाण्यातलीही विकतात. तिच्या पाठीवर बारीक सुट्या काट्यांची रांग असते आणि ती कुळानेच वेगळी. ती तळातले किडे, अळ्या, गांडुळं उकरून खाते, त्यामुळे पोटात माती सापडली तर नवल नाही. भाऊजींनी लहानपणी बहुतेक तीच खाल्ली असणार. पण हे मी त्यांच्यासमोर कबूल करणार नाही.