नळी निसटली तेव्हा कोणी फुंकली?

गेल्या अंकात इफ्फी या गोव्यातल्या चित्रपट महोत्सवाच्या रांगेतल्या गप्पांवर लिहिताना ओघात म्हणून गेलो, की आताशा मला भयपटांपेक्षा ते भयपट कसे केले हे सांगणारे ‘नेव्हर स्लीप अगेन’सारखे माहितीपट जास्त आवडतात. तेवढ्या एका वाक्यावर अकरा पत्रं आली. जुन्या नाट्यपदांवर लिहिलं तेव्हा दोन आली होती, त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचं. असो. सहा पत्रं घेतो.

काका, तुम्ही सांगितलेला माहितीपट शोधला तर तो चार तासांचा निघाला. त्याच माणसाचा दुसरा तर जवळजवळ सात तासांचा! मूळ सिनेमा दीड तासाचा आणि त्याची चौकशी सात तासांची? एवढं कोण बघतं?
*— एक विद्यार्थी, डिचोली*

मी बघतो, बाबा. काल्याच्या उत्सवाच्या रात्री देवळासमोर गोधडी अंथरून नाटक संपेपर्यंत उजाडवलेल्या माणसाला सात तासांचं काय!

पण तुझा हिशेब चुकतोय. ही चौकशी एका सिनेमाची नाही, अख्ख्या मालिकेची आहे. डॅनियल फॅरंड्स आणि अँड्र्यू कॅश यांचा ‘नेव्हर स्लीप अगेन’ (२०१०) हा ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ मालिकेवरचा, म्हणजे स्वप्नात येऊन मारणाऱ्या फ्रेडी क्रूगरच्या सिनेमांवरचा. फॅरंड्सचाच ‘क्रिस्टल लेक मेमरीज’ (२०१३) सुमारे ४०० मिनिटांचा, पण त्यात ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चे १२ सिनेमे आहेत. भागून बघ, एकेकाच्या वाट्याला अर्ध्या तासाच्या वर फारसं येत नाही. रात्री जेवण झालं की एक सिनेमा उरकायचा. पंधरा दिवसांत संपतो.

आणि मालिका म्हटली की पैसा कुठून आला, कुठे गेला, कोण टिकलं, कोणाला काढलं हे सगळं दिसतं. दिग्दर्शक शॉन कनिंगहॅमने १९७९ साली ‘व्हरायटी’ या सिनेधंद्याच्या पत्रात पहिल्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ची पानभर जाहिरात दिली तेव्हा संहिता पुरी झालेलीच नव्हती. नाव आधी, गोष्ट मागाहून. बेट्सी पामर ही जुनीजाणती नटी त्यात आली ती नवी गाडी घ्यायला पैसे हवे होते म्हणून. संहिता तिला टाकाऊच वाटली होती. आणि ज्या हॉकीच्या मुखवट्यावरून जग ही मालिका ओळखतं, तो थेट तिसऱ्या भागात येतो, १९८२ साली.

या मालिकेतला माझा लाडका किस्सा बाणाचा. केव्हिन बेकन तेव्हा नवखा पोरगा. तो पलंगावर पडलेला असतो आणि खालून बाण येऊन त्याच्या गळ्यातून बाहेर निघतो. खरा बेकन पलंगाखाली अंग मुडपून बसलेला, डोकं तेवढं वर. मान आणि छाती खोटी. रंगभूषेतून असे प्रकार करणाऱ्या टॉम सॅव्हिनीची करामत. बाण आला आणि नेमकी रक्ताची नळी पंपापासून निसटली. अशी मान एकदाच भोसकता येते. सॅव्हिनीचा मदतनीस टासो स्टाव्ह्राकिस याने नळीचं टोक तोंडात धरलं आणि फुंकत राहिला. पडद्यावर रक्त उसळून येतं ते त्या फुंकरीने.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बायकोला हाक मारली. कारण १९८७च्या काल्याला, आमच्या गावच्या नाटकात, नरसिंहाच्या ट्रिकसीनला मी हेच केलं होतं. हिरण्यकशिपूच्या धोतराखाली सलाईनची नळी, विंगेत रबरी फुगा. रक्त म्हणजे गुळाचा पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. ऐन वेळी फुगा फाटला. मी विंगेत पालथा पडून नळी फुंकली. पुढच्या रांगेतल्या महाजनांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर शिंतोडे उडाले, आणि हिरण्यकशिपूच्या पोटावर मुंग्या चढल्या. मेलेला माणूस, खाजवणार कसा? पडदा पडेपर्यंत त्याने डोळे मिटून सोसलं.

तेव्हा माझी कसोटी साधी आहे. नळी निसटली तेव्हा कोणी फुंकली, हे माहितीपटात सांगतात का? सांगत असतील तर सात तासही चालतील.

भाऊ, माझा मुलगा आठवीत आहे. मोबाइलवर चोरून त्या सुऱ्यांच्या पंजावाल्या फ्रेडीचा सिनेमा बघितला आणि आता दिवा मालवू देत नाही. सिनेमा कसा केला ते दाखवलं तर भीती जाईल का?
*— एक आई, म्हापसा*

बाय, सबंध माहितीपट त्याच्यासमोर लावू नका. त्यात मूळ सिनेमातले रक्ताळलेले तुकडे जसेच्या तसे येतात, आणि बोलणारी मंडळीही जिभेला फारसा लगाम घालत नाहीत. आधी तुम्ही बघा. मग फिरत्या खोलीचा भाग तेवढा त्याच्याबरोबर बसून बघा.

१९८४च्या पहिल्या सिनेमात एक मुलगी भिंतीवरून फरफटत छतावर जाते, ते या खोलीत केलं. अख्खी खोली एका सांगाड्यात बसवलेली, बाहेरून माणसं ती हाताने फिरवणार. सामान ठोकून पक्कं केलेलं, कॅमेराही खोलीलाच जखडलेला. खोली फिरते तसा कॅमेरा फिरतो, म्हणून त्याला खोली स्थिरच दिसते. नटी मात्र बिचारी कायम खाली, जमिनीकडेच असते. आपल्याला वाटतं ती छताला चिकटली.

हे सांगून पटत नाही, करून बघावं लागतं. माझ्या नातीला मी बुटाच्या खोक्यात दाखवलं. खोक्याच्या एका टोकाला मोबाइल चिकटपट्टीने घट्ट बसवायचा, तळाला काडेपेटीचा पलंग चिकटवायचा, बाहुली मोकळी सोडायची. चित्रण सुरू करून खोकं हळूहळू उलटं करायचं. मग बघायचं. बाहुली भिंत चढून छतावर जाते! नातीने ते सतरा वेळा केलं आणि अठराव्या वेळी मांजर कोंबायला निघाली, तेव्हा खोकं काढून घेतलं.

त्याच खोलीत जॉनी डेपच्या पलंगातून रक्ताचा फवारा छताला भिडतो. डेपचा हा पहिलाच सिनेमा. खोली उलटी टांगून पलंगाच्या भोकातून लाल पाणी खाली ओतलं, म्हणून पडद्यावर ते वर उसळलेलं दिसतं. पण पाण्याचं वजन एका बाजूला गेलं आणि खोली भलत्याच दिशेने गरगरली. दिग्दर्शक वेस क्रेव्हन आणि कॅमेरामन आत खुर्च्यांना पट्ट्यांनी बांधलेले, ते उलटे लोंबकळत राहिले, आणि भोवती ओल्या दिव्यांच्या ठिणग्या. हा प्रसंग मुलाला जरूर सांगा. ज्या माणसाने आपल्याला घाबरवलं तो स्वतः डोकं खाली पाय वर अवस्थेत होता, हे कळल्यावर आठवीतला मुलगा हसतोच.

भीती साफ जाईल असं वचन मी देत नाही. माझीही गेलेली नाही. आणि क्रेव्हनला ही कल्पना सुचली ती आग्नेय आशियातून अमेरिकेत आलेले काही निर्वासित झोपेतच मरण पावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात वाचून. हे मात्र त्याला बारावीनंतर सांगा.

‘हॅलोविन’ सिनेमातल्या खुन्याचा तो पांढरा मुखवटा दुसऱ्याच कुठल्या हिरोचा होता म्हणे. खरं का?
*— एक वाचक, वास्को*

खरं. ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरचा. दुकानातून दोनेक डॉलरला आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली, वर पांढरा रंग फवारला. १९७८चा सिनेमा, खिशात तीन-सव्वातीन लाख डॉलर. गोष्ट शरद ऋतूतली आणि शूटिंग कॅलिफोर्नियात, वसंतात. म्हणून पानं रंगवून रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पोत्यात भरायची, पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. आमच्या नाटकात एकच क्रेपची दाढी वसिष्ठ, विश्वामित्र आणि भीष्म तिघांना पुरायची, त्यातलाच प्रकार.

देवळाच्या नाटकांत आयुष्य घालवलेल्या माणसाने या परदेशी भुतावळीचं कौतुक करावं? आपल्याकडे देवचार काय कमी आहे?
*— एक ज्येष्ठ वाचक, काणकोण*

देवचाराची बरोबरी फ्रेडीशी करू नका, रागावेल. देवचार राखणदार आहे. हातात काठी घेऊन रात्री गावाच्या वेशीवर फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो. मानाची रोट आणि विडी पोचली की खूश. त्याला भाग दोन, भाग तीन लागत नाहीत.

कुठला माहितीपट खरा आणि कुठला नुसती जाहिरात, हे कसं ओळखावं?
*— एक प्राध्यापिका, मडगाव*

“सेटवर आम्ही एका कुटुंबासारखे होतो” हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत तीनदा आलं, की मी उठून चहा ठेवतो.

एक उदाहरण देतो. फ्रेडीच्या दुसऱ्या भागाचा (१९८५) नायक मार्क पॅटन. सिनेमात समलिंगी छटा होत्या आणि त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. पॅटन स्वतः समलिंगी, आणि तो काळ एड्सच्या भीतीचा. बोट त्याच्याकडे वळलं. त्याने अभिनय सोडला आणि दिसेनासा झाला. ‘नेव्हर स्लीप अगेन’ करणाऱ्यांनी गुप्तहेर लावून त्याला मेक्सिकोत शोधून काढलं. त्या माहितीपटात पटकथाकार डेव्हिड चास्किन अखेर कबूल करतो, की त्या छटा त्याने जाणूनबुजून लिहिल्या होत्या. इतकी वर्षं तो ते नाकारत होता. मग २०१९मध्ये पॅटनवरच ‘स्क्रीम, क्वीन!’ हा माहितीपट आला. त्यात तो चास्किनला समोरासमोर भेटतो.

एका माहितीपटाने उघडलेली जखम दुसऱ्याला बघावी लागली. त्या भेटीत दोघांचे चेहरे बघा. त्या दृश्यात रक्ताचा थेंब नाही, पण मी बैठक मोडून उभा राहिलो होतो. पॅटनला जे सोसावं लागलं ते लपवून ठेवलं असतं तर उरली असती ती जाहिरात.

आपल्या भयपटवाल्या रामसे बंधूंवर असं सात तासांचं कोणी का करत नाही?
*— एक जुना गिऱ्हाईक, साखळी*

तुम्हाला ओळखलं. १९८९ची एक कॅसेट अजून यायची आहे.

विषय तर आयता आहे. सात भाऊ, घरातच अख्खं युनिट. तुलसी आणि श्याम दिग्दर्शक, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण आवाजाला. १९७२च्या ‘दो गज जमीन के नीचे’पासून पुढे नव्वदीत ‘झी हॉरर शो’पर्यंत. ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सैतान सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल रुडकीहून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेला. फोंड्याच्या माझ्या व्हिडिओ कॅसेटच्या लायब्ररीत त्या सिनेमाच्या दोन कॅसेटी होत्या. सामरी दिसतो तिथे लोक मागे-पुढे करकरून बघायचे. त्या जागी पट्टी इतकी घासली, की पडद्यावर नुसत्या मुंग्या. कुठल्या प्रसंगाला लोक सगळ्यात जास्त घाबरले हे मला कॅसेट उजेडात धरून सांगता यायचं.

जवळ जाणारं एक आहे. ‘सिनेमा मरते दम तक’ (२०२३) या मालिकेत स्वस्तातले सिनेमे करणाऱ्या चार दिग्दर्शकांना पुन्हा कॅमेरा आणि थोडे पैसे देऊन एकेक लघुपट करायला लावलाय. त्यांच्या हाताची थरथर आणि जिभेचा तोरा दोन्ही बघण्यासारखं.

पण परदेशात हे जमतं याचं कारण तिथे कोणीतरी सेटवरचे फोटो ठेवलेले असतात, कोणाच्या गॅरेजमध्ये मुखवटा असतो. आपण नाटक संपलं की पंजा चुलीत घालतो. ‘लिव्हिंग विथ चकी’ (२०२२) केला तो भयपटांतल्या चकी या खुनी बाहुल्याला सांभाळणाऱ्या टोनी गार्डनरच्या मुलीने, कायराने. ज्या बाहुल्यापायी बाप घरापासून लांब राहायचा, त्याच बाहुल्याची चौकशी तिने मांडलीय.

माझ्या मुलीने तो बघितला आणि विचारलं, “बाबा, तुमच्या नरसिंहाचा खांब कुठे आहे?” माळ्यावर होता. वाळवीने अर्धा खाल्लाय, मधली बिजागरी तेवढी शाबूत. येत्या रविवारी ती मोबाइल घेऊन येणार आहे आणि आम्ही दोघं आमच्या हिरण्यकशिपूकडे जाणार आहोत. सत्तरी उलटलीय त्याची, कानाला कमी ऐकू येतं. फोनवर दोनदा ओरडून मी कोण ते सांगावं लागलं. मुंग्या म्हटल्याबरोबर मात्र शिव्या सुरू झाल्या.