आधी आमिष, मग रॉड : बासच्या गळाविषयी वाचकांचे प्रश्न

(या अंकातले सगळे प्रश्न गोड्या पाण्यातल्या लार्जमाउथ बास या माशाविषयी आहेत. समुद्रातल्या बासचं सामान वेगळं असतं, त्याचा इथे विचार केलेला नाही.)

प्रश्न : रॉडवर 'मीडियम हेवी, फास्ट' असं छापलेलं असतं. पॉवर आणि ॲक्शन हे दोन्ही एकच का? पहिला रॉड कोणता घ्यावा?

एकच नव्हेत. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉडचं टोकच तेवढं वाकतं. मॉडरेट रॉड जवळजवळ अर्ध्यापर्यंत कमानीसारखा वाकतो. दुकानात उभं राहून हे सगळं तोलत बसण्यापेक्षा मुठीच्या वर छापलेला आमिषाच्या वजनाचा आकडा वाचा. '१/४ ते ३/४ औंस' म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम. याहून हलक्या आमिषाने रॉड वाकतच नाही. वाकला नाही की त्यात जोर साठत नाही, मग ती कसर आपण खांद्याने भरून काढायला जातो आणि नेम चुकतो. फार जड आमिष जोरात भिरकावलं, तर टोक मोडू शकतं.

म्हणून आधी आमिषं ठरवा. १० ते १५ ग्रॅमचे जिग (जड डोक्याचे गळ), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) आणि शिसं लावलेले रबरी किडे टाकणार असाल, तर ७ फुटी मीडियम हेवी फास्ट रॉड आणि त्यावर बेटकास्टिंग रील (ज्यात दोऱ्याची फिरकी, म्हणजे स्पूल, फेकताना स्वतः फिरतं). ७ ग्रॅमच्या आतली आमिषं असतील, तर तेवढ्याच लांबीचा मीडियम किंवा मीडियम लाइट स्पिनिंग रॉड (त्याच्या रीलचं स्पूल फेकताना फिरत नाही). अगदी नवख्याने स्पिनिंगपासून सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बेटकास्टिंग रीलने फेकलं की दर दोन-तीन फेकींमागे दोऱ्याचं घरटं होतं. रील खराब आहे का?

बहुधा नाही. आमिष हवेत मंदावतं, पण स्पूल आधीच्याच वेगाने फिरत राहतं. आमिषाने ओढला त्याहून जास्त दोरा सुटला की तो स्पूलवरच फुगतो आणि स्वतःत गुरफटतो.

आमिष बांधल्यावर रॉड आडवा धरा आणि बटण दाबून आमिष सोडा. हँडलच्या बाजूला स्पूल-टेन्शनची छोटी चकती असते. आमिष सावकाश खाली यायला हवं आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवं. टेकल्यावरही ते फिरत राहिलं, तर चकती थोडी आवळा. आमिष खालीच येत नसेल, तर सैल करा. आमिषाचं वजन बदललं की ही जुळणी पुन्हा करावी लागते, आणि नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं. १५ ग्रॅमवर जमवलेल्या रीलने ८ ग्रॅमचं आमिष फेकलं, की घरटं झालंच म्हणून समजा.

नंतर ब्रेक, म्हणजे फेकताना स्पूलचा वेग आवरणारी यंत्रणा. चुंबकी असो वा सेंट्रिफ्यूगल, सुरुवातीला तीन चतुर्थांशाच्या वर ठेवा आणि हात बसत जाईल तसा एकेक घर कमी करा. सरावाला १४ ग्रॅमच्या आसपासचं गोळीबंद आमिष आणि १२ ते १४ पाउंडांचा (म्हणजे तेवढा ताण सोसणारा) मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनचा, दोरा घ्या. रुंद, हवेत तरंगणारी आमिषं आणि समोरचा वारा सध्या टाळा. फेकताना मनगटाचा हिसका नको, वेग वाढत जाणारा एकच झोत हवा. अंगठा स्पूलला पिसासारखा टेकलेला राहू द्या आणि आमिष पाण्याला लागायच्या क्षणी तो घट्ट दाबा. ब्रेक कितीही चांगला असला, तरी हे शेवटचं काम अंगठ्याचंच.

गुंता झालाच तर ओरबाडू नका. अंगठा स्पूलवर जोरात दाबून हँडलचे दोन-तीन फेरे घ्या आणि मग दोरा हळूच ओढा. दबलेली वेटोळी बरेचदा अशी सुटतात. मुरड पडून चुरगळलेला भाग मात्र कापून टाका. मासा तिथेच तोडतो.

प्रश्न : मोनो, फ्लुरोकार्बन की विणलेला? आणि किती पाउंडांचा?

नायलॉनचा मोनो ताणला जातो आणि फार सावकाश बुडतो. त्यामुळे पाण्यावर चालणाऱ्या आमिषांना तो बरा. फ्लुरोकार्बन पाण्याच्या पावणेदोन पट जड असतो. तो बुडतो, दगडाचं घासणं बऱ्यापैकी सोसतो आणि पाण्यात कमी दिसतो. तळावरच्या जिगला आणि रबरी किड्यांना हाच घ्या, पण पाण्यावरच्या आमिषाला लावलात तर त्याचं नाक खाली ओढलं जाईल. विणलेला दोरा जवळजवळ ताणला जात नाही, तरंगतो आणि जाडीच्या मानाने फार बळकट असतो. दाट पानवेलींवरून रबरी बेडूक ओढायचा असेल, तर ५० ते ६५ पाउंडांचा विणलेलाच हवा. दगडाच्या धारेवर मात्र तो झटकन कापला जातो.

आकडा माशाच्या वजनावरून ठरवू नका. विक्रमी लार्जमाउथ १०.१२ किलोचा आहे. तो २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मिळाला, आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या १९३२ च्या माशाशी तो बरोबरीत धरला जातो. असा मासा आपल्या गळाला लागण्याचा संभव फारसा नाही. जाड दोरा लागतो तो झाडाझुडपांसाठी. मोकळ्या, नितळ पाण्यात स्पिनिंगला ६ ते ८ पाउंड पुरतात, बुडालेल्या फांद्यांत जिगला १५ ते २० लागतात.

विणलेल्याला पालोमर गाठ मारा, साधी क्लिंच त्यावर घसरते. कोणतीही गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली तर घासून तापते, आणि फ्लुरोकार्बन तर तिथेच अर्धा मरतो. विणलेला दोरा नुसत्या धातूच्या स्पूलवर गोल फिरत राहतो, म्हणून खाली थोडा मोनो गुंडाळा. मोकळ्या पाण्यात ड्रॅग (मासा किती जोराने ओढल्यावर रीलने दोरा सोडायचा तो ताण) दोऱ्याच्या ताकदीच्या पंचवीस ते तीस टक्के ठेवा, म्हणजे १२ पाउंडांच्या दोऱ्याला साधारण दीड किलो. दोरा वजनकाट्याला बांधून ओढून बघा. अंदाज फार फसवे असतात.

प्रश्न : क्रँकबेटवर (ओढलं की पाण्यात डुबकी मारणारं कठीण आमिष) मासा लागतो, पण किनाऱ्याजवळ सुटतो. गळ नवे आहेत.

कोणता रॉड आणि दोरा आहे ते कळवलेलं नाही, पण फास्ट रॉड आणि विणलेला दोरा असावा, अशी दाट शंका आहे. तिकाटी गळ बारीक असतात आणि ते ओठाच्या कातड्यात वरवर रुततात. मासा डोकं झटकतो तेव्हा ताठ रॉड आणि न ताणणारा दोरा तो धक्का सरळ गळापर्यंत पोचवतात आणि भोक रुंदावतं. मॉडरेट ॲक्शनचा ७ फुटी रॉड आणि १० ते १२ पाउंडांचा मोनो किंवा फ्लुरोकार्बन लावा. चावा जाणवला की झटका न देता रॉड बाजूला ओढत न्या. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला ५ : १ (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे पाच फेरे) च्या आसपासचं रील कमी थकवतं. जिगसाठी ७ : १ चं बरं, सैल दोरा झटपट आवरता येतो. आणि नवा गळ टोकदार असतोच असं नाही. नखावर हलकेच टेकवा. घसरला तर घासा किंवा बदला.

प्रश्न : स्पिनिंग रीलच्या दोऱ्याला सारखा पीळ पडतो.

बेल (स्पूलवरची तारेची कमान) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत बसू नका, कारण ५ : १ च्या रीलवर तशा दर फेऱ्यामागे दोऱ्यात पाचेक पीळ चढतात. भरताना स्पूलच्या कडेपासून तीनेक मिलिमीटर जागा सोडा. पीळ पडलाच असेल, तर होडीतून जाताना आमिष काढून नुसता दोरा मागे सोडा, काही मिनिटांत उलगडतो.

प्रश्न : गढूळ पाण्यात कोणता रंग?

काळा-निळा किंवा भडक पोपटी. पण रंगापेक्षा थरथर महत्त्वाची, कारण अशा पाण्यात मासा अंगाच्या बाजूवरच्या संवेदनशील रेषेने पाण्यातली हालचाल टिपतो. गोल कोलोराडो पात्याचं स्पिनरबेट, सावकाश. नितळ पाण्यात लांबट विलो पातं आणि फिके रंग.

प्रश्न : डब्यातले रबरी किडे वितळून क्रँकबेटला चिकटले.

उन्हाने नव्हे. मऊ प्लास्टिकमधलं तेल कठीण प्लास्टिक आणि त्यावरचा रंग विरघळवतं. किडे त्यांच्याच पिशवीत ठेवा, आणि दोन वेगळ्या प्रकारचं मऊ प्लास्टिकही एकत्र टाकू नका. चिकट झालेल्या क्रँकबेटचा रंग परत येत नाही, गळ आणि कड्या काढून घ्या.