परदेशात अनोळखी फळं आणि पदार्थ खायला सुरुवात कुठून करायची

तुम्ही विचारलंय की बाहेर राहायला जातोय, तिकडच्या दुकानातलं निम्मं ओळखू येणार नाही, मग नवीन काही खाऊन बघायची सुरुवात कशापासून करू. माझं सरळ मत, फळांपासून करा. आत काय घातलंय हा प्रश्नच नसतो, एकच घेऊन बघता येतं आणि स्वयंपाकाला वेळ नसेल त्या दिवशीही चालतं.

फक्त फळ कधी खायचं ते कळल्याशिवाय त्याला नावं ठेवू नका. पर्सिमनच घ्या, टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ. त्यातला हाचिया म्हणून निमुळत्या टोकाचा प्रकार आहे, तो कडक असताना खाल्लात तर त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे तोंडाला असा तोठरा बसतो की पुन्हा त्या फळाकडे बघावंसं वाटणार नाही, आणि तोच पार लिबलिबीत होईपर्यंत थांबलात तर चमच्याने खायचा, इतका गोड लागतो की विचारू नका. फुयू नावाचा बसका प्रकार मात्र कडक असतानाच कापून खातात. पॅशनफ्रूट सुरकुतलेलं दिसलं की लोक परत ठेवतात, खरं तर सुरकुत्या पडल्यावर ते जास्त गोड असतं. अ‍ॅव्होकॅडो झाडावर मऊ होतच नाही, तोडल्यावर होतो, म्हणून कडक मिळाला तर केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवा, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे लवकर पिकतो, किवीचंही तसंच. स्ट्रॉबेरी, चेरी, द्राक्षं घरी आणून गोड होत नाहीत, घेताना जशी आहेत तशीच, त्यामुळे सीझनलाच घ्या आणि बिनसीझनची आंबट खाऊन मत बनवू नका. आणि हो, लाल गराचं ड्रॅगनफ्रूट भरपूर खाल्ल्यावर लघवी लालसर दिसू शकते, तो फळाचा रंग असतो.

आता हे जरा गंभीरपणे घ्या. रोजच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्रेपफ्रूट (द्राक्ष नव्हे, संत्र्याच्या जातीचं मोठं कडसर फळ) नको, काही स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आणि बीपीच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं, आणि गोळी सकाळी नि फळ संध्याकाळी असं केलं तरी फारसा फरक पडत नाही कारण परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. थंड देशात जाणार असाल तर बर्च झाडाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी माहीत असू द्या, ती असलेल्या बऱ्याच जणांना कच्चं सफरचंद, पीच, चेरी खाल्लं की तोंडात खाज सुटते, शिजवलेलं बहुतेकदा चालतं. पण घसा सुजला किंवा श्वास लागायला लागला तर घरी वाट बघत बसू नका, लगेच इमर्जन्सीला फोन. कसावा, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद, कच्चा कधीच खायचा नाही, त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, सोलून नीट शिजवावाच लागतो.

पाकिटातल्या पदार्थांचं म्हणाल तर लेबल वाचायची सवय लावा. युरोपियन युनियनमध्ये 14 अ‍ॅलर्जन्स, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे पदार्थ, घटकांच्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, त्याने काम सोपं होतं. शाकाहारी असाल तर जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं) आणि ई120 शोधा, ई120 म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. चीजचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते विरजण, कशाचं आहे ते बघा, पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजमध्ये ते वासराचंच असतं.

एका वेळी एकच नवीन पदार्थ घ्या, म्हणजे काही बाधलं तर कशाने ते कळेल. आणि फळवाल्याला बिनधास्त विचारा, हे आजच खायचं की दोन दिवस ठेवायचं. बहुतेक जण आनंदाने सांगतात, वर पिकलेलं निवडूनही देतात.