विमानाचं तिकीट आणि मनाची टोचणी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. नातवासाठी आम्ही दोघं दरवर्षी जातो. तिकीट काढताना ‘कार्बन भरपाई’चे थोडे पैसे मागतात. ते भरले की पाप फिटतं का? – निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

बाई, पाप कशाला म्हणता? पण हिशेब बघून ठेवा. मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन साध्या वर्गात माणशी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. देशाच्या एकूण उत्सर्जनातला सरासरी भारतीयाचा वर्षाचा वाटाही जवळपास तेवढाच.

तुम्ही भरलेले पैसे पवनचक्की, सुधारित चूल, वनीकरण अशा कुठल्या तरी प्रकल्पाला जातात. विमानाचा धूर आहे तिथेच राहतो. खरी मेख अशी, की हे पैसे आले नसते तर ते काम अडलं असतं का? साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या पाहिल्या असतील. आपल्याकडे पवनचक्कीला करात घसाऱ्याची घसघशीत सवलत मिळायची. त्या जोरावर जी तशीही उभी राहणार होती, तिचं क्रेडिट, म्हणजे तिने वाचवलेल्या कार्बनचं प्रमाणपत्र, विकत घेऊन हवेत काय फरक पडला? म्हणूनच अशा क्रेडिटची नोंदणी करणाऱ्या ‘व्हेरा’ या संस्थेने 2020 पासून, अतिगरीब देश वगळता, ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) जोडलेले नवे पवन-सौर प्रकल्प घेणं थांबवलं.

तेव्हा पैसे देणगी समजून द्या. आणि दरवर्षी तीन आठवडे जाण्याऐवजी वर्षाआड जाऊन तीन महिने राहा. नातवाचा सहवासही जास्त मिळेल. सूनबाईंना आधी विचारा, एवढंच!

प्रश्न : आमचा ग्रुप विमानाने काश्मीरला जाऊन आला. भरपाई म्हणून कासला झाडं लावू का? – सातारा

कृपा करून नको. कासच्या जांभ्यावर मातीचा जेमतेम थर असतो आणि तिथल्या फुलांना उघडं ऊन लागतं. अशा सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, झाडी वाढवणं म्हणजे फुलांच्या मुळावर येणं. त्यापेक्षा दुष्काळी माण-खटावात कडुनिंब, चिंच लावा. फोटो काढून परतू नका, पहिले तीन-चार उन्हाळे पाण्याची सोय बघा. तरीही धूर आज गेलाय, झाड तो काही दशकांत शोषणार. मध्येच वणवा लागला तर सगळं परत हवेत.

प्रश्न : मी पर्यावरण शिकते, तरी विमानाने फिरते. फार अपराधी वाटतं. – विद्यार्थिनी, सातारा

पर्यावरणाची कळकळ असलेली माणसंही विमानप्रवास फारसा कमी करत नाहीत, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. स्वतःला कोसत बसू नकोस. मात्र भरपाईचे पैसे भरून टोचणी शमली की पुढचं तिकीट निर्धास्त काढलं जाऊ शकतं, तिथे सावध राहा. दिल्लीला जायचं असेल तर गोवा एक्स्प्रेस साताऱ्यावरूनच जाते. वेळ जातो खरा, पण पुण्याच्या विमानतळापर्यंतची धावपळ वाचते. सुट्टीच्या दिवसांत आरक्षण तेवढं लवकर कर.