फाईंडिंग निमो बघून मुलं उलट बोलायला शिकतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की सहा वर्षांची मुलगी फाईंडिंग निमो हा माशांचा कार्टून सिनेमा सारखा लावायला सांगते आणि हल्ली रागावलं की बाबाला "आय हेट यू" म्हणते, तर सिनेमा बंद करावा का, आणि त्यात मुलांनी घेण्यासारखं नक्की काय आहे. मी नाशिकला डेंटिस्ट आहे, क्लिनिकच्या वेटिंगमध्ये एक फिश टँक आहे आणि घरी माझाही मुलगा आहे, त्यामुळे हा सिनेमा मला जवळपास पाठ झालाय. बंद अजिबात करू नका. फक्त तुम्हाला जे खटकतंय ते मला तितकं खटकत नाही, मला वेगळंच खटकतं.

आधी ते आय हेट यू. तो सीन एकदा तिच्याशेजारी बसून नीट बघा. निमो हे माशाचं पिल्लू, त्याचा एक पर जन्मापासून छोटा आहे, शाळेचा पहिला दिवस आहे, लांब एक बोट उभी आहे आणि बाकीची पोरं पुढे जायची पैज लावतायत. निमो स्वतः जायला निघालेलाच नसतो हो. तेवढ्यात त्याचा बाप मर्लिन मागून येतो आणि सगळ्या मित्रांसमोर सुरू होतो, तुला धड पोहता येत नाही, तुला वाटतं जमेल पण तुला नाही जमायचं. त्यानंतर ते वाक्य येतं आणि मग पोरगं हट्टाने जाऊन बोटीला हात लावून येतं आणि पकडलं जातं, ते थेट एका डेंटिस्टच्या क्लिनिकमधल्या टँकमध्ये. म्हणजे न ऐकल्याची शिक्षा सिनेमाने चांगलीच दाखवलीये, पण त्याच्या आधी बापाने चारचौघात केलेला अपमानही दाखवलाय, आणि तो भाग आपण मोठी माणसं सोयीने विसरतो. माझ्याकडे हे रोज होतं. मूल आपलं आपण खुर्चीवर चढून बसतं, लाइटकडे बघत असतं, आणि मागून आई म्हणते, "डॉक्टर, ही भयंकर घाबरट आहे, ही काही करू द्यायची नाही." झालं, त्या क्षणी तोंड बंद, ओठ घट्ट, आणि मग मला पंधरा मिनिटं नुसत्या गप्पा माराव्या लागतात.

मर्लिन वाईट बाप नाहीये, त्याची बायको आणि शेकडो अंडी बॅराकुडा नावाच्या शिकारी माशाने एका झटक्यात संपवलेली असतात, उरलेलं एकच अंडं म्हणजे निमो, तर भीती खरीच आहे. पण निमोला शोधताना देवमाशाच्या तोंडात अडकलेले असताना त्याच्यासोबतची विसरभोळी मासोळी डोरी त्याला साधं म्हणते की पोराला काहीच होऊ दिलं नाहीस तर त्याच्या आयुष्यात काही होणारच नाही, आणि मला विचाराल तर सगळा सिनेमा त्या एका वाक्यात आहे. शेवटी डोरी आणि एक अख्खा थवा मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो, निमोला काय करायचं ते सुचतं, सगळ्यांनी मिळून खाली जोर लावायचा, आणि त्यासाठी त्याला जाळ्यात जायचं असतं. मर्लिन आधी घट्ट धरून ठेवतो आणि मग सोडतो. तोच छोटा पर, तेच पोरगं. त्र्यंबक रोडच्या तरणतलावावर उन्हाळ्यात जाऊन बघा, काठावर उभे राहून ओरडणारे किती मर्लिन असतात. माझं म्हणणं, लेकीला हे दोन्ही सीन लागोपाठ दाखवा आणि विचारा की बाबाचं काय चुकलं, निमोचं काय चुकलं. सहा वर्षांच्या मुलांना हे मस्त कळतं.

आता मला जे खरंच वाईट वाटतं ते. डार्ला. सिनेमातल्या डेंटिस्टची भाची, आठ वर्षांची, तिच्या दाताला तारा आहेत, वर डोक्यावरून जाणारा पट्टा आहे, आणि ती आली की भीतीचं म्युझिक लागतं. ती माशाची पिशवी गदागदा हलवते हे चूकच आहे, ते दाखवायलाच हवं होतं, पण राक्षसीण दाखवायला तारा कशाला? तो पट्टा म्हणजे हेडगिअर, वरचा जबडा फार पुढे वाढत असेल तर त्याला आवरायला लावतात, उपचार आहे तो. माझ्याकडे तारा लावायला येणारी बरीचशी मुलं अकरा ते चौदा वयाची, म्हणजे ज्या वयात दिसण्याचं टेन्शन सुरू होतं नेमकं तेच वय, दर महिन्याला तारा आवळायला आली की रबरांचे रंग हौसेने निवडतात, एकीने तर निळा आणि केशरी मागितला होता, आणि शाळेच्या ग्रुप फोटोत मात्र तोंड मिटून उभी. वर्गात कोणीतरी डार्ला म्हणालेलं असतं. विनोदासाठी वापरलेली ही गोष्ट मुलं हुबेहूब उचलतात, म्हणून इथे तुम्ही बोलायलाच हवं. विसरभोळ्या आजोबांना डोरी म्हणून हसणं हेही त्यातलंच.

डेंटिस्टचं चित्रण मात्र मला आवडतं, तो दुष्ट नाहीये, त्याला मनापासून वाटतं की आपण एका मरणाऱ्या माशाला वाचवलं. चांगल्या हेतूनेही दुसऱ्याचं वाटोळं होऊ शकतं हे मुलांना सांगायला याच्याइतकं सोपं उदाहरण मिळणार नाही. आणि टँकमधले मासे रूट कॅनाल बघत बघत ही हेडस्ट्रॉम फाईल आहे की के-फ्लेक्स यावर वाद घालतात ना, ती खरोखरची हत्यारं आहेत, माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, कोणीतरी अभ्यास केलाय.

अजून एक, हे तेवढं आजच सांगून टाका. सगळी गटारं समुद्राला जातात असं त्यात म्हणतात आणि निमो थुंकायच्या बेसिनमधून थेट समुद्रात पोचतो. आपल्याकडे बेसिनचं पाणी ड्रेनेजमधून तपोवनासारख्या मलनिस्सारण केंद्रात जातं, मग गोदावरीत, आणि गोदावरी सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. इतक्या वाटेत मासा जगत नाही, आणि समुद्रातला मासा तर गोड्या पाण्यात तसाही टिकत नाही. मुलं घरातला मासा प्रेमाने बेसिनमध्ये सोडायला जातात, म्हणून सांगतेय. गोदावरीच्या रामकुंडावर नेऊन सोडणं पण नको, टँकमधले सकर मासे असेच सोडले जातात आणि पुढे नदी-धरणातल्या आपल्या माशांच्या जिवावर उठतात. आणि निमोच पाहिजे असा हट्ट धरला तर घेऊ नका, त्याला खाऱ्या पाण्याचा वेगळा टँक लागतो, काचेच्या बाऊलमध्ये तो मरेल.

जाता जाता, सहा वर्षांची आहे म्हणजे सगळ्यात मागे पहिली पक्की दाढ येत असेल किंवा आली असेल. दुधाचा दात न पडता ती येते, म्हणून बऱ्याच जणांना कळतच नाही आणि दुधाचीच समजून सोडून देतात, मग कीड लागते. एकदा दाखवून घ्या, आणि खुर्चीवर तिला एकटीला चढू द्या.