खिळ्यांचे बूट आणि आणीबाणी

प्रश्न : माझा भाचा म्हणतो, ‘शोले’च्या शेवटी ठाकूर गब्बरला मारणार तेवढ्यात पोलीस येतात, हा आणीबाणीच्या बाजूचा छुपा संदेश आहे. मी म्हणते, पिक्चर बघावा आणि सोडून द्यावा. बरोबर कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, भाचा निम्मा बरोबर आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरचा जीव घेतो. तसं चित्रीकरणही झालं होतं. सेन्सॉरने अडवलं : माजी पोलीस अधिकारीच कायदा हातात घेतो म्हणजे काय? २५ जून १९७५ला आणीबाणी लागली होती आणि पिक्चर १५ ऑगस्टला लागायचा होता. भांडायला वेळ नव्हता, ऐकून घेणारंही कुणी नव्हतं. रमेश सिप्पींनी शेवट पुन्हा चित्रित केला आणि ऐन वेळी पोलीस आणले. तेव्हा आणीबाणी त्या शेवटात आहेच, पण ती दिग्दर्शकाने लपवलेली नाही, वरून लादलेली आहे. मूळ शेवटही आता बघायला मिळतो. त्यात गब्बर मेल्यावर ठाकूर ढसाढसा रडतो. सूड घेऊन हाती काय लागलं, हा प्रश्न पोलिसांच्या जीपबरोबर गायब झाला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

भाच्याला आवरायचं कुठे, तेही सांगतो. ‘द शायनिंग’ या इंग्रजी भयपटात हॉटेलातल्या एका भुताटकीच्या खोलीचा नंबर २३७ आहे. काही जणांनी त्यावरून चंद्र २,३७,००० मैलांवर असल्याचं गणित मांडलं आणि चांद्रमोहिमेचं खोटं चित्रीकरण याच पिक्चरचा दिग्दर्शक क्युब्रिकने केलं, असं ‘सिद्ध’ केलं. पिक्चर ज्या कादंबरीवर आहे, तिच्यात नंबर २१७ होता. ज्या लॉजचं बाहेरून चित्रीकरण झालं, त्यांना भीती, की पुढे २१७ मध्ये कुणी उतरणार नाही. म्हणून तिथे नसलेला नंबर घेतला. झालं! शिवाय चंद्राचं सरासरी अंतर २,३८,९०० मैलांच्या आसपास, म्हणजे गणितही कच्चंच.

पण ताई, ‘सोडून द्यावा’ हे मला पटत नाही. ‘फँड्री’त जब्याच्या घरची माणसं मेलेलं डुक्कर घेऊन शाळेच्या भिंतीपुढून जातात. भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. कॅमेरा थांबून ते दाखवतो. ते बघितलंच नाही, तर तुम्ही तिकिटाचे निम्मे पैसे वाया घालवले. नागराज मंजुळेंनी ती भिंत तुम्हाला दिसावी म्हणूनच ठेवलीय.

प्रश्न : जुन्या पिक्चरमध्ये पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर मधूनच एक गोल ठिपका चमकून जातो. काही गुप्त खूण असते का? – एक वाचक, कराड

उत्तर : असते, पण ती आमच्यासाठी! मी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. तेव्हा पिक्चर बऱ्याच रिळांत यायचा आणि दोन मशिनवर आलटूनपालटून दाखवला जायचा. रीळ संपायच्या सात-आठ सेकंद आधी पहिला ठिपका यायचा : दुसऱ्या मशिनची मोटर चालू करा. संपता संपता दुसरा : आता बदला. त्या वेळी ऑपरेटर चहा प्यायला गेलेला असला, की पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या.